बारा दुकानांची एक पाटी

"दुकान बंद! पाटी जप्त! नजराणा परत नाही!"

दिवाण गुंडोपंतांनी भर दरबारात एका दमात तीन घाव घातले ते दुकानवाल्या गोजरावर. दुकान घेताना नजराणा म्हणून तिनं आईची पुतळ्यांची माळ खजिन्यात भरली होती. दुकान गेलं, तर माळही गेली!

झालं होतं असं. मोरवंडीच्या राजे उदाजीरावांना जनावरांचं भारी वेड. राणीसाहेबांच्या अंगावर दागिने नसतील इतके वाड्यात पिंजरे! त्या वेडातूनच बारा गावांत बारा दुकानं निघाली, 'उदाजी दाणाभांडार'. पोपटाचे दाणे, कुत्र्याचे पट्टे, मांजरांच्या टोपल्या, सगळं तिथं मिळायचं. दुकान चालवायचं तुम्ही, नाव राजाचं. माल राजाच्याच कोठारातून, राजाच्याच भावानं घ्यायचा. दर दसऱ्याला पाटी नव्यानं रंगवायची. आणि दर महिन्याला विक्रीतला चौथा हिस्सा खजिन्यात भरायचा.

गोजरा धनगराची लेक. कुठलं कुत्रं का रुसलंय, कुठला पोपट का मुका झालाय, हे तिला नुसतं बघून कळायचं. त्यामुळं दुकानात ही गर्दी! तरी तीन महिने तिला हिस्सा भरता आला नव्हता.

"एवढं गिऱ्हाईक येतं," राजा गरजला, "मग घोडं पेंड कुठं खातंय?"

"महाराज, शंभराची विक्री झाली की साठ कोठाराचे. पंचवीस हिश्श्याचे. भाडं, रंग, झाडलोट आणि उंदरांनी खाल्लेले दाणे मिळून वीस. किती झाले?"

राजानं बोटांवर मोजलं. बोटं संपली, तेव्हा दिवाणांनी हळूच कानात सांगितलं.

"एकशे पाच!"

"मग वरचे पाच मी कुठून आणू? आणि मी काय खाऊ? पोपटाचे दाणे?"

दरबारात खसखस पिकली आणि तिथंच राजाचं बिनसलं. लोक हसले की राजे हट्टालाच पेटतात!

"तुला धंदाच कळत नाही! फुकटात येणारा माल ठेव!"

"ज्याला उंदीर तोंड लावत नाही असा!" दिवाणांनी री ओढली.

"रोज विकला तरी संपत नाही असा!"

"आणि गिऱ्हाइकानं दर महिन्याला पैसे मोजावेत असा!"

"महाराज," गोजरा काकुळतीला आली, "असा माल जगात आहे तरी का?"

"शोध! येत्या बाजाराच्या दिवशी घेऊन ये. आणलास तर मागशील ते देईन. नाही आणलास तर दुकान आणि माळ, दोन्ही विसर!"

बिचारी गोजरा! ज्याला त्याला विचारत सुटली. कबुतरांचे दाणे न्यायला आलेले आजोबा म्हणाले, "विहिरीचं पाणी वीक." पण पाणी दिलं की घागर रिकामी होते. मांजरवाली शेजारीण म्हणाली, "शिव्या वीक, माझ्या सासूकडं ढीग आहे!" पण शिव्यांचे पैसे कोण मोजणार? बाजाराचा दिवस उजाडला, तरी गोजराच्या हाती काही लागेना. ती दुकानाच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसली.

तेवढ्यात रंगाचा डबा घेऊन तातोबा रंगारी हजर! "आक्का, दसरा जवळ आला. पाटी काढा, आणि माझे पैसेही काढा."

"तातोबा, मरायला टेकलेय मी, आणि तू रंगाचं घेऊन बसलास?"

"सरकारी हुकूम, आक्का! अकरा दुकानं उरकून आलो, हे बारावं. तेच नाव लिहून लिहून हात दुखला बघा."

गोजरानं पाटीकडं पाहिलं. मग तातोबाकडं पाहिलं. आणि अशी काही हसत सुटली, की तातोबाच्या हातातला कुंचलाच गळाला!

भरल्या दरबारात ती आली ती डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन.

"आणलास माल?" राजानं विचारलं.

"आणला, महाराज!" तिनं घोंगडी बाजूला केली.

"हे काय? ही तर माझीच पाटी!"

"तिच्यावर लिहिलंय काय?"

"माझं नाव!"

"हाच तो माल! तुम्हाला फुकटात मिळाला. बारशाला आत्याबाईंनी ठेवलं, फार तर एक लुगडं द्यावं लागलं असेल! उंदीर त्याला तोंड लावत नाहीत. बाराजणांना विकलंत, तरी तुमच्यापाशी अख्खंच्या अख्खं शिल्लक! आणि आम्ही बाराजण दर महिन्याला त्याचे पैसे मोजतो. असा माल एकाच दुकानात मिळतो, महाराज, आणि ते दुकान तुमचं आहे!"

"उद्धट बाई!" दिवाण ओरडले. पण राजाचे खांदे हलायला लागले होते.

"लुगडं कसलं! आत्याबाईंनी चांगल्या पाटल्या उकळल्या होत्या!" राजा पोट धरून हसला. "जिंकलीस! माग काय हवं ते!"

"नाव मला हवंच आहे, महाराज. ते बघूनच नवं गिऱ्हाईक पायरी चढतं. पण हिस्सा विक्रीतून नको. सगळा खर्च जाऊन उरेल, त्यातला चौथा घ्या."

"आणि काहीच उरलं नाही तर?"

"मग दोघं मिळून पोपटाचे दाणे खाऊ!"

यावर राजा असा खदखदून हसला, की पिंजऱ्यातले पोपटही कलकलाट करू लागले. त्यानं माळ मागवली, स्वतःच्या हातानं गोजराच्या ओंजळीत ठेवली आणि हुकूम सोडला, "बाराही दुकानांचा हिस्सा आजपासून उरेल त्यातूनच! मागची बाकी माफ! आणि दिवाणजी, या पाटीला रंग द्यायचाय. पैसे तुम्ही काढा!"