शिळेखालचा बाप

एकदा काय झालं, लांब लांब, बर्फाच्या डोंगरांपलीकडे मेघसेन नावाचा राजा होता. राणी देवाघरी गेलेली. लेक केतकी लहान. तिला न्हाऊ घालायचं, भरवायचं, वेणी घालायची, सगळं राजाच करायचा. दरबार ताटकळायचा, पण वेणी आधी, बरं का.

एकदा राजाला नवं न्हाणीघर बांधायची हौस आली. नदीत एक भलीमोठी सपाट शिळा होती, तीच हवी. मग त्याने हत्ती पाठवले. शिळेखालून आलं परातीएवढं डोकं. डोळे मोहरीएवढे, अंग सुरकुतलेलं, लांबी माणसाएवढी. दिसायला पाल, पण गोत बेडकाचं. सॅलॅमँडर म्हणतात त्याला. हत्ती शेपट्या उडवत पळाले.

मग पैलवान गेले. त्यांनी त्याला कवेत घेतलं, तर त्याच्या अंगाला असा बुळबुळीत पांढरा चीक सुटला, की सगळे धपाधप पाण्यात.

मग राजाच निघाला पहार घेऊन. केतकी हट्टाने मागोमाग.

राजा गळाभर पाण्यात उतरला. पहार लावली, तसा सॅलॅमँडरने त्याचा हात कचकन धरला. राजाने पाण्यात डोकं घालून पाहिलं, तर शिळेखाली मोत्यांसारख्या अंड्यांच्या माळा. एकेका मोत्यात इवलासा जीव वळवळत होता. आणि सॅलॅमँडर राजाचा हात न सोडता, शेपटीने त्यांच्यावर ताजं पाणी ढकलत होता.

राजाने काठावरच्या लेकीला ते सांगितलं.

"आई कुठंय त्यांची?" केतकीने विचारलं.

यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते. राजाला तिथं एकटा नरच दिसला.

"आई नाही गं. बापच राखतोय."

"म्हणजे तुमच्यासारखा."

 राजाने पहार काठावर टाकली. मग सॅलॅमँडरनेही हळूच हात सोडला.

न्हाणीघर राहूनच गेलं. राजा रोज नदीतच डुंबायला लागला. थंडी पडली, मोती फुटले, बोटाच्या पेराएवढी पिल्लं निघाली. मानेला झिरमिळ्या, त्यांतून श्वास घ्यायची. पिल्लं पाहायला सारं गाव लोटलं. मग वर्षं गेली, झिरमिळ्या गळाल्या, पिल्लं सुरकुत्यांच्या कातडीनेच श्वास घेऊ लागली, खेकडे मटकावू लागली.

केतकीचं लग्न झालं, तोवर त्यांतलेही काही बाप झाले होते. वरात नदीकाठाने वाजतगाजत गेली. फक्त शिळांपाशी वाजंत्री गप्प झाली. आत बाळं होती ना!

केतकी सुखाने नांदली, राजा डुंबत डुंबत म्हातारा झाला. तिकडची सगळी पिल्लं निजली. आता इकडचीही निजू देत.