बिननावाच्या बाईची प्रस्तावना

"पण लेखिकेनं त्या बाईला नाव का दिलं नसेल, बाई? प्रस्तावनेत तेवढं येऊ द्या."

प्रा. हेमंत दाभाडकर विचारत होते. नगरच्या एका जुन्या मिशन वाचनालयात, एस्तरबाईंच्या टेबलासमोर, पायावर पाय टाकून.

एस्तरबाई ऐंशीच्या. चाळीस वर्षं तिथल्या ग्रंथपाल, पुस्तकांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांची प्रस्तावना असेल तरच पुस्तक छापू, असं प्रकाशकानं सरांना सांगितलं होतं. म्हणून सर आले. एरवी कोण येतं!

सरांचं पुस्तक दोनशे वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन कादंबरीवर. तिच्यातल्या बायकोला फाटकाबाहेर पाऊल टाकायची बंदी. शेवटच्या पानापर्यंत तिला नवऱ्याच्याच नावानं हाक.

"तुम्हीच सांगा ना," एस्तरबाई म्हणाल्या. "तीनशे पानं लिहिलीत."

सर खुलले. "नाव काढून घेणं हीच पहिली कोठडी. फाटक नंतर येतं! पण आपल्याकडे ही कादंबरी कुणी उघडलीसुद्धा नाही. मी पहिला."

सभागृहात याला टाळ्या पडल्या असत्या. इथं पंखा तेवढा फिरत राहिला.

दाराजवळच्या बाकावर सरांची बायको बसली होती. मांडीवर सरांची बॅग. आत ये, असं सरांनी तिला म्हटलं नव्हतं.

एस्तरबाई उठल्या. कपाटातून ती कादंबरी काढली. शेवटच्या पुठ्ठ्याच्या खिशातलं कार्ड सरांपुढे ठेवलं.

पुस्तक नऊ वेळा बाहेर गेलेलं. नऊही वेळा एकच सही. अनुराधा खळदकर.

सर बघत राहिले… मग हसले.

"अरेच्चा! ही तर आमची हेमांगी. लग्नाआधीचं नाव हे. लग्नात तांदळात नवं नाव लिहितात ना… आमच्या आईची हौस. हेमंतची हेमांगी! सगळ्यांना आवडलं."

"सगळ्यांना?"

"म्हणजे काय! हेमांगी, सांग गं बाईंना."

बाकावरून आवाज आला. "मला विचारलं नव्हतं."

"अगं, एकवीस वर्षं झाली त्याला. आता काय!"

परक्या देशातल्या, कादंबरीतल्या बाईसाठी तीनशे पानं. घरातल्या जिवंत बाईसाठी 'आता काय'. असल्या माणसांना आपण सर म्हणतो. ते वर्गात आले की उठून उभे राहतो.

एस्तरबाईंनी कोरे कागद आणि पेन उचललं. सरांनी हात पुढे केला. बाई त्यांना वळसा घालून बाकापाशी गेल्या.

"अनुराधा, या पुस्तकाबद्दल तू मला काहीतरी सांगणार होतीस. मग लग्न ठरलं, अन् राहूनच गेलं."

बाईंनी कागद आणि पेन तिच्यापुढे धरले.

मग मांडीवरची बॅग तिनं खाली फरशीवर ठेवली. पेनाचं टोपण काढलं.

एक ओळ. दुसरी. मग थांबेचना.

सर घड्याळ बघत उठले. "हेमांगी, निघायचंय."

तिनं मान वर केली नाही.

"बाई, हे काय चाललंय? मी एवढ्या लांबून आलो. माझ्या प्रस्तावनेचं काय?"

एस्तरबाई बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकल्या.

"बसा, सर. ती लिहितेय."