गोजरा ‘जाते’ म्हणाली

एका राज्यात दारांना कान होते. इतरत्र लोक भिंतींना कान असतात असं नुसतं म्हणतात. या राज्यात दारांना ते खरोखर होते, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नसे. तिथली सगळी दारं एकाच सागवनातल्या लाकडाची. घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणाला, की दार ते ऐके आणि तो उंबऱ्याच्या आत परत येईपर्यंत मिटत नसे. ढकला, ओढा, चारचौघांनी पाठ लावा, दार उघडं ते उघडं. त्यामुळे घरोघरी शेळ्या आत शिरत, पण गावाला गेलेलं माणूस परत येईलच असा सगळ्यांना भरवसा असे.

‘जातो’ हा शब्द मात्र कुणी उच्चारत नसे. मूल बोलायला लागलं की आई त्याला आधी हा शब्द गिळायला शिकवी. निघताना कुणी ‘जातो’ म्हणालं, की दार पाठीमागे खाडकन मिटे, ही बातमी दारादारांतून दक्षिणेच्या डोंगरावर पोचे आणि तिथून अर्गळनाथ मांत्रिक येऊन त्या माणसाला उचलून नेई. नेलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पूर्वी असं काही नव्हतं, असं म्हातारी माणसं सांगत. राजवाड्याचं थोरलं दार गेलं आणि हे सुरू झालं. थोरलं दार वाळवीनं खाल्लं, अशी राजानं दवंडी पिटवली होती आणि त्या जागी लोखंडी फाटक बसवलं होतं. लोखंडाला कान नसतात. ते दार घडवणारा धोंडजी सुतार मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिला, “मी तेल पाजलेल्या सागाला वाळवी लागत नाही.”

या धोंडजीची नात येसू. वय बारा, राग नाकाच्या शेंड्यावर. तिची मैत्रीण गोजरा, शेजारच्या सकू कोष्टिणीची एकुलती लेक. ही कुणी खोटं बोललं की गप्प बसूच शकत नसे. देवळात पुराण सांगणाऱ्यालाही मध्येच टोकायची. दोघींचं पटायचं फार आणि भांडण रोजचं.

एके दिवशी येसूच्या ओसरीवर दोघी सागरगोटे खेळत होत्या. गोजरानं गोटा वर उडवला, खालचे चार उचलले आणि वरचा अलगद झेलला. डाव जिंकला.

“टेकला,” येसू म्हणाली.

“नाही टेकला.”

“जमिनीला टेकला. मी पाहिला.”

गोटा टेकला नव्हता. येसूला ते चांगलं माहीत होतं, पण हरणं तिच्या घशाखाली उतरत नसे. पाचही सागरगोटे तिथेच टाकून गोजरा उठली आणि उंबऱ्यावरून मागे न बघता म्हणाली, “जाते मी.”

दार खाडकन मिटलं. येसूनं धावत जाऊन ते उघडलं, तर अंगणात धुळीचा एक भोवरा फिरत होता आणि गोजराची एक चप्पल पडली होती.

येसू सकू मावशीचा हात धरून राजवाड्यावर गेली. लोखंडी फाटकाच्या भोकातून राजाचा एक डोळा दिसला.

“गेलेल्याचं नाव काढायचं नाही, असा हुकूम आहे,” राजा म्हणाला.

“गोजरा,” येसू म्हणाली. “काढलं.”

“दक्षिणेच्या डोंगराकडे जायला मनाई आहे.”

“मनाई तुमची, महाराज. मैत्रीण माझी.”

“गेलीस तर शिक्षा होईल.”

“मग शिक्षा तयार ठेवा. आम्ही दोघी येतो ती घ्यायला.”

भोकाचं झाकण पडलं. सकू मावशी तिथेच खाली बसली. येसूला तिच्या तोंडाकडे बघवेना. “मावशी, चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले म्हणून ती रुसली. मी तिला आणते.”

“तू आणि कुठून आणशील गं, बाई?” मावशी म्हणाली. पण तिनं लेकीची चप्पल येसूच्या हातात दिली.

घरी बापानं येसूला अडवलं नाही. अडवून ती थांबत नाही हे त्याला बारा वर्षांत कळलं होतं. त्यानं आपली चांगली पटाशी तिच्या कमरेला खोचून दिली. येसूनं पाच सागरगोटे ओच्यात बांधले आणि उंबऱ्यावर थांबून स्पष्ट म्हणाली, “येते.” दारानं ते ऐकलं आणि ते उघडं राहिलं.

तीन दिवस चालल्यावर एका वठलेल्या झाडावर लाल तुऱ्याचा सुतारपक्षी भेटला.

“कुठे निघालात, सुतारबाई?” त्यानं विचारलं.

“अर्गळनाथाकडे. तुला कसं कळलं मी सुताराची?”

“पटाशी धरण्यावरून. आपण एकाच धंद्यातले.” तो उडून तिच्या खांद्यावर बसला. “एक सांगून ठेवतो. त्याची जादू बंद दारामागे लोणच्यासारखी मुरते. उघड्यावर ती एक घटकाही टिकायची नाही.”

“मग दार उघडं ठेवलं की झालं.”

“ते तो ठेवू देत नाही. म्हणून तर तो अजून जिवंत आहे.”

डोंगरावर बिनखिडक्यांचा किल्ला होता. त्याला एकच दार, डांबरानं जाडजूड लिंपलेलं, काळंकुळकुळीत. येसू जवळ जाताच ते उघडलं आणि ती आत जाताच मिटलं. आत छतापासून जमिनीपर्यंत भिंतींवर पितळी कुलपं टांगलेली होती, शेकड्यांनी. मधोमध एक हडकुळा म्हातारा फडक्यानं एक कुलूप पुसत बसला होता.

“हा पूर्वी कुंभार होता,” अर्गळनाथ म्हणाला. “‘जातो’ म्हणाला. आता छान चकाकतो.”

“गोजराला सोड.”

“तीन कामं आहेत, पोरी. तीन केलीस तर ती तुझी. एक चुकलीस तर एक कुलूप वाढेल.”

“सांग.”

पहिलं काम एका ओंडक्याचं. त्याचे दोन तुकडे करायचे. पण अर्गळनाथानं दिलेली करवत फिरली की मागे कापलेलं लाकूड पुन्हा वाढे. येसूनं करवत बाजूला ठेवली. आपण अजून झाडच आहोत, या समजुतीत ओंडका होता. सुताराच्या घरात खांब उभा करताना बुंधा खाली आणि शेंडा वर, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. उलटा खांब त्या लोकांत फार मोठी चूक. येसूनं आयुष्यात पहिल्यांदा ती चूक मुद्दाम केली. तिनं ओंडका उलटा उभा केला. वाढायचं कुठल्या बाजूनं, हे लाकडाला उमगेना. ते विचारात पडलं आणि तेवढ्यात तिनं ते चिरलं.

दुसरं काम तळघरातल्या खजिन्यातून एक तांब्याची किल्ली आणायचं. तो खजिना शापित होता. त्यातला प्रत्येक दागिना बोले आणि ज्यानं एकालाही हात लावला तो तिथेच दगड होऊन राही. असे पुष्कळ दगड ओंजळी भरून उभे होते. येसूनं दोन्ही मुठींत गोजराचे सागरगोटे घट्ट धरले.

“मला घे,” चंद्रहार म्हणाला.

“हात रिकामे नाहीत.”

“त्या बिया टाक आणि मला घे. मी राणीच्या गळ्यातला आहे.”

“असशील. हे गोटे माझ्या मैत्रिणीचे आहेत.”

येसू खाली वाकली, किल्ली दातांत धरली आणि पायऱ्या चढून वर आली. किल्ली तिनं अर्गळनाथाच्या पुढ्यात थुंकली. त्यानं ती फडक्यानं पुसली आणि तोंड वाकडं केलं.

“तिसरं,” तो म्हणाला. “यातलं तुझ्या मैत्रिणीचं कुलूप कोणतं? एकदाच बोट दाखवायचं.”

सगळी कुलपं सारखी. येसू या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेली. तिचे डोळे भरून आले, कारण तिला काहीच ओळखता येईना. मग ती मधोमध उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “गोजराचा गोटा टेकला होता.”

मग डाव्या भिंतीवर, खालून चौथ्या रांगेत एक कुलूप रागारागानं खडखडू लागलं. खिळ्यावर आपटू लागलं. त्याला ते सहनच होईना.

येसूनं त्याच्यावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, “नव्हता टेकला, गोजरा. मला हरायचं नव्हतं म्हणून खोटं बोलले. चुकले मी.”

तांब्याच्या किल्लीनं कुलूप उघडलं. समोर गोजरा उभी होती, एका पायात चप्पल घातलेली. येसूनं दुसरी तिच्या पायाशी ठेवली.

“मी तेव्हाच म्हणत होते,” गोजरा म्हणाली. मग तिनं येसूच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी रडल्या. सुतारपक्ष्यानं उगाच दुसरीकडे बघितलं.

“तीन कामं झाली,” येसू म्हणाली. “आता दार उघड.”

“उघडतो.” अर्गळनाथ हसला. “पण निरोप घेतल्याशिवाय इथून बाहेर पाऊल पडत नाही. काय म्हणशील? ‘जाते’ म्हणालीस तर दोघी कुलपं. ‘येते’ म्हणालीस तर शब्दानं बांधली जाशील. आज ना उद्या परत माझ्याच दारात येशील.”

सुतारपक्षी दारावर जाऊन बसला आणि सवयीनं टकटक करू लागला. डांबराचा एक पापुद्रा खाली पडला. आत साग होता, मधाच्या रंगाचा. बिजागरीखाली पोपटाच्या चोचीसारखी एक लहान खूण कोरलेली होती.

ती खूण येसूच्या घरातल्या प्रत्येक पाटावर होती.

“हे माझ्या आजोबांचं दार आहे,” ती म्हणाली. “वाळवीनं खाल्लेलं.”

“वाळवी कुठली. तुमच्या राजानं आपल्या हातानं काढून दिलं. ‘हे घे, मला तेवढा सोड, प्रजेचं तुझं तू बघ,’ म्हणाला. सगळ्या दारांतलं हे थोरलं. राज्यात कुणी ‘जातो’ म्हटलं की मला इथे बसून कळतं.”

येसूचा चेहरा लाल झाला. आजोबा खरं बोलत होते आणि कुणी त्यांचं ऐकलं नव्हतं. तिनं दारावर हात ठेवला. ते तेव्हाही ऐकत होतं.

अर्गळनाथाला सगळं ठाऊक होतं, एक गोष्ट सोडून. त्याच्या दारातून आजवर कुणी निरोप घेऊन बाहेर पडलंच नव्हतं. सगळे आत आले आणि कुलपं झाले. ‘येते’ ऐकल्यावर माणूस बांधलं जातं, हे त्याला माहीत होतं. दार काय करतं, हे बघायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

“आजोबांच्या दारा,” येसू म्हणाली, “येते.”

गोजराला घेऊन ती उंबरा ओलांडून बाहेर उन्हात आली. अर्गळनाथानं दार ढकललं. ते हललं नाही. त्यानं पाठ लावली, मंत्र म्हटले, शिव्या दिल्या. त्याच्या पायांशी ऊन आलं, मग गुडघ्यांवर, मग भिंतींवर. उन्हात पहिलं कुलूप गळून पडलं आणि त्यातून कुंभार उठून बसला. मग एकेक करून सगळी कुलपं पडली. तळघरातले दगड डोळे चोळत वर आले. कुणी आईला हाका मारत होतं, कुणी उपाशी होतं. अर्गळनाथ वाळत वाळत बारीक झाला आणि शेवटी उंबऱ्यावर एक गंजका खिळा उरला. येसूनं तो कमरेला खोचला. सुताराच्या घरात खिळा वाया घालवत नाहीत.

पटाशीनं तिनं बिजागऱ्या सोडवल्या. सुटलेल्या माणसांनी आळीपाळीनं ते दार खांद्यावर घेतलं आणि राज्यात आणलं. सकू मावशी वाटेवरच उभी होती. तिनं लेकीला आधी एक धपाटा घातला आणि मग सोडलंच नाही. येसूच्या घरचं दार बारा दिवस उघडं होतं. ती आत पाऊल टाकून आली तेव्हा ते सावकाश मिटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून राजवाड्याचं लोखंडी फाटक उपटलं. येसूनं आणि तिच्या बापानं थोरलं दार जागच्या जागी बसवलं, बुंधा खाली, शेंडा वर. ‘जातो’ म्हटल्यानं त्या राज्यात पुन्हा कुणी नाहीसं झालं नाही. राजा उघड्या दारात उभा होता आणि ज्यांची नावं काढायची मनाई होती ते तीनशे जण त्याच्याकडे बघत होते. त्यानं दार ढकलून पाहिलं. ते मिटेना. ‘येते’ म्हणून गेलेली येसू अजून त्या दारातून आत आली नव्हती.

राजाच्या ते लक्षात आलं. त्याचा आवाज एकदम गोड झाला. “येसूबाई, शिक्षा माफ केली. आत या. तुमचा मानपान करायचा आहे.”

येसूनं उंबऱ्याकडे पाहिलं, मग सकू मावशीकडे. हत्यारं गोळा केली.

“येते, महाराज,” ती म्हणाली आणि घरी गेली.

याला पुष्कळ वर्षं झाली. येसू आता राज्यातली पहिली सुतारीण आहे. राजवाड्याचं दार अजून उघडंच आहे; ज्याला गाऱ्हाणं सांगायचं तो सरळ आत जातो आणि राजाला ते ऐकावं लागतं. ऐकून ऐकून राजा बरा वागू लागला आहे. दर सणाला त्याची पालखी येसूला न्यायला तिच्या अंगणात येते. ओसरीवर सागरगोटे खेळता खेळता गोजरा मान वर करून विचारते, “काय सांगू गं त्यांना?”

“येते म्हणावं,” येसू म्हणते, आणि आपला गोटा उडवते.