एक शब्द कमी

फार जुन्या काळी एका रानात वणवा लागला आणि पिल्लांची आयांपासून ताटातूट झाली. सापडलेल्या पिल्लांची नावं साळींदर लिहून ठेवी, कुठे सापडली ते खार लिही. जागा वाचावी म्हणून खार 'आणि', 'पण' असले बारके शब्द गाळून टाकी. आईने सांगितलेला प्रत्येक शब्द दोघांपैकी एकाकडे तरी सापडला, तरच पिल्लाचा पत्ता मिळे.

एक हरिणी आली. म्हणाली, "चांदणी. ओढा आणि जाळी."

साळींदराला 'चांदणी' सापडलं. खारीला 'ओढा' सापडला, 'जाळी'ही सापडली.

"आणि 'आणि'?" साळींदराने विचारलं.

"तो मी ठेवतच नाही. तुझ्याकडे बघ."

"माझ्याकडे नुसती नावं. त्यात 'आणि' कुठून येणार?"

"मग एक शब्द कमी पडतोय," खार म्हणाली. "नाही हो बाई, तुमचं पिल्लू आमच्याकडे नाही."

हरिणी दुसऱ्या रानाकडे निघून गेली.

चांदणी टेकडीपलीकडे एका म्हाताऱ्या नीलगाईपाशी वाढली. आपल्याला शोधायला कुणी आलंच नाही, असं ती शेवटपर्यंत समजत राहिली.