दादांचा टाळ

कासारखेड्यात हरबा नावाचा एक भोळा गृहस्थ होता. सांगितलं ते करायचा. तेवढंच करायचा, आणि तेच सगळीकडे करायचा.

सोमवारी तो शेंगा फोडत बसला होता, तेव्हा पोस्टमनने रेडिओ केंद्राचं पत्र आणून दिलं. गावच्या भजनी मंडळाचं जुनं भजन गुरुवारी सकाळी साडेसहाला लागणार होतं. त्यात हरबाचे थोरले भाऊ टाळ वाजवत होते. दादांना जाऊन आठ महिने झाले होते.

वहिनींनी पत्र दोनदा वाचलं. "भावोजी, आपल्या रेडिओत टाळ ऐकूच येत नाही हो. नुसता मृदंग घुमतो."

बारीक आवाज काढणारे दोन छोटे कर्णे, म्हणजे ट्वीटर, बिघडले होते. हरबा सायकलवरून बाजारगावी मेहबूब मिस्त्रींकडे गेला.

"नमुना कुठाय?" मिस्त्री म्हणाले. "नवं हवं तर जुनं घेऊन यावं."

हरबाने मनात गाठ मारली. परतताना त्याला चहापत्ती घ्यायची होती. तो आधी घरी आला, सकाळचा चोथा पुडीत बांधला आणि वाण्यापुढे ठेवला.

"हे काय रे?"

"नमुना."

मंगळवारी त्याने जुने ट्वीटर नेले. मिस्त्रींनी ते तपासले. "एक पुरता जळलाय, दुसरा बरा आहे. पण जोडी आहे ना? एक गेला की दोन्ही बदलायचे."

हरबाने मनात गाठ मारली. घरी एक बैल लंगडत होता. हरबाने दोन्ही सोडले आणि बाजाराची वाट धरली. वहिनी फाटकात आडव्या झाल्या.

"अहो, दुसरा धडधाकट आहे!"

"जोडी आहे वहिनी. एक गेला की..."

वहिनींनी फाटक ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "बांधा ते बैल."

बुधवारी मिस्त्री स्वतः आले. नवे ट्वीटर बसवले, रेडिओ लावला आणि हात धुवायला गेले. एक तार सैल राहिली होती. नव्या ट्वीटरमधून बारीक किरकिर येऊ लागली, मग धूर. हरबा मान डोलावत ऐकत होता.

मिस्त्री धावत आले. "असा बारीक आवाज आला की आधी बंद करायचं! कुणाला हात लावू द्यायचा नाही! मला बोलवायचं!"

त्यांनी तार पक्की केली. ट्वीटर वाचला. हरबाने मनात गाठ मारली, या वेळी तीन.

गुरुवारी अंगणात सारं गाव जमलं. वहिनी रेडिओजवळ बसल्या. साडेसहा वाजले. निवेदकाने गावाचं नाव घेतलं. मृदंगावर थाप पडली. आणि त्या थापेमागून, अगदी बारीक, स्वच्छ, किण्...

खट्! हरबाने रेडिओ बंद केला.

"भावोजी!"

"हात लावू नका, वहिनी! बारीक आवाज आला!"

कुणी चालू करू नये म्हणून त्याने बटण उपटून खिशात घातलं आणि सायकलवर टांग टाकली. मागे नुसता गुळगुळीत दांडा उरला. गावातल्या प्रत्येकाने तो चिमटीत धरून पाहिला. फिरला नाही.

तासाभराने हरबा मिस्त्रींना घेऊन आला. मिस्त्रींनी बटण बसवलं, रेडिओ लावला. कांद्याचे बाजारभाव चालले होते. आवाज अगदी स्वच्छ होता.

"काहीच बिघाड नाही," मिस्त्री म्हणाले.

"बघा वहिनी," हरबा हसला. "वेळेवर बंद केला म्हणून वाचला."

वहिनींनी त्याच्यापुढे चहा ठेवला. टाळ ऐकायचा राहिला.