बारा ट्यूब, एक फळी

“आता तरी म्हणाल ना चाचा, वैजनाथ तयार झाला म्हणून?”

वैजनाथने हे शिडीवरूनच विचारलं. खाली उतरून विचारण्याइतका नम्रपणा त्या दिवशी त्याच्या अंगात नव्हता.

वाचनालयातल्या बाराही पट्ट्यांतले चोक त्याने काढले होते, स्टार्टर काढले होते, तारा थेट होल्डरला जोडून नव्या एलईडी ट्यूब चढवल्या होत्या. तेही एका सकाळीत. त्या पांढऱ्याशुभ्र उजेडात निधनवार्तासुद्धा प्रसन्न दिसत होत्या.

उद्या कन्याशाळेचं काम सुरू व्हायचं होतं. दस्तगीरचाचांनी मान हलवली तर ते वैजनाथचं स्वतःचं पहिलं काम. नाही हलवली तर पाचव्या वर्षीही चाचांची हत्यारांची पिशवी उचलणं होतंच.

चाचा उठले. त्यांनी एकेक करत सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

“बंद कर.”

“काय?”

“दिवे.”

“चाचा, लोक उजेड बघतात. तुम्ही अंधार बघणार?”

चाचांनी बटणांच्या फळीकडे बोट केलं.

वैजनाथने खाली उतरून बटणं बंद केली. अंधारात बाराही ट्यूब मिणमिणत राहिल्या. विझायचं नावच घेईनात.

त्याने पुन्हा शिडी चढून टेस्टर लावला. टेस्टर पेटला. वैजनाथचा चेहरा पडला आणि लगेच फुलला. दुसऱ्याची चूक सापडली की माणसाचं असंच होतं.

“माझं काम चोख आहे, चाचा! बटणाला फेजऐवजी न्यूट्रल दिलाय. बटण बंद केलं तरी वर करंट आहेच. जुन्या ट्यूबनी इतकी वर्षं कळू दिलं नाही, एवढंच. कोणत्या गाढवानं केलंय हे?”

“फळी उघडून बघ. मागं नाव असेल. तेव्हा वायरमन लिहून ठेवायचे.”

वैजनाथने मेन स्विच पाडला आणि बटणांची फळी मोठ्या उत्साहाने उघडली. मागच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलं होतं: दस्तगीर, १९८७.

त्याने ते दोनदा वाचलं. मजकूर बदलला नाही.

“चाचा… गाढव म्हणजे मी तसं…”

“तारा बदल.”

चाचांनी खिडकीचं एक दार उघडून धरलं. तेवढ्या उजेडात वैजनाथने मुकाट्याने तारा बदलल्या, मेन चालू केला, ट्यूब लावल्या, विझवल्या. चाचांनी खिडकी लावली. या वेळी अंधार पुरता झाला. वैजनाथला तो बराच सोयीचा वाटला. तोंड दिसत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्याने दिवे लावले. शाळेचा विषय काढायची हिंमत उरली नव्हती.

“ही फळी बसवली त्या दिवशी मीही माझ्या उस्तादांना विचारलं होतं,” चाचा म्हणाले. “झालो का तयार म्हणून. असाच, शिडीवरून.”

“मग… ते काय म्हणाले?”

चाचांनी कानामागची पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

“म्हणाले, नाव लिही.”