चिंचोक्यांचा खेळ

फार पूर्वी एका माळावर साळिंदर आणि खार शेजारी राहत. साळिंदर चिंचोक्यांच्या जुगारात आपलं बीळ हरला होता आणि आता उघड्यावरच झोपत होता.

त्या वर्षी शेंगा कमी आल्या. खार म्हणाली, "दादा, मलाही तो खेळ शिकव. पिल्लांपुरतं जिंकेन."

साळिंदराचे पंजे शिवशिवले. किती दिवसांनी कुणी जोडीला बसणार होतं. त्याने चिंचोके मांडले, पण तिच्या पिल्लांकडे पाहून पुन्हा गोळा केले.

"मला हा खेळ जिवलग मित्रानेच शिकवला," तो म्हणाला. "आज मी त्याचं तोंडही पाहत नाही."

खार रुसून गेली.

सकाळी साळिंदर ताजे कंद घेऊन तिच्या झाडाखाली आला. "हे उकरायला शिकवतो," तो म्हणाला, "येतेस?"

खारीने पिल्लांनाही हाक मारली.